घोडा एक, स्वार दोन

काहींना प्रवासाची आवड असते, काहींना प्रवासवर्णनाची. मला आवड आहे ती प्रवासाच्या अंदाजपत्रकाची. कोऱ्या कागदावर एक उभी रेघ मारावी, डावीकडे हौस लिहावी आणि उजवीकडे रक्कम. त्या रेघेच्या दोन बाजूंना माणूस जितका उघडा पडतो, तितका तो जन्मपत्रिकेतही पडत नसेल.

आमच्या शहाद्याच्या चौकडीने असाच एक कागद हाती घेतला आहे. चौकडीत एक मास्तर, एक मोटारसायकलींचे मिस्त्री, एक पपईचे बागाईतदार आणि हिशेबनीस म्हणून मी. बेत ऐकाल तर हसाल! मलेशियाला जायचे आणि सेपांगच्या शर्यतमार्गावर एक दिवस मोटारसायकल चालवायची. शर्यत नव्हे हं! पैसे भरले की आमच्यासारख्या हौशी माणसांनाही अशा मार्गावर गाडी हाकता येते. वकुबाप्रमाणे गट पाडतात. प्रत्येक गटाला पंधरा-वीस मिनिटांची पाळी मिळते. पिवळे निशाण दिसले की कुणाला मागे टाकायचे नाही, तांबडे दिसले की सर्वांनी सावकाश परतायचे. सेपांगचा हा मार्ग 1999 साली खुला झाला. एक फेरा 5.543 किलोमीटरांचा आणि वळणे 15. निष्णात स्वार तो फेरा दोन मिनिटांच्या आत पुरा करतात. मास्तरांना किती मिनिटे लागतील, हा प्रश्न आम्ही सभ्यपणे टाळला आहे.

त्यासाठी परदेश कशाला, असे तुम्ही म्हणाल. ग्रेटर नोएडाला 2011 साली झालेला 5.125 किलोमीटरांचा मार्ग आहे. चेन्नईजवळ आहे, कोइंबतूरला आहे. सारे खरे! पण दत्तजयंतीला आमच्या सारंगखेड्यात तापीकाठी घोडेबाजार भरतो, तेव्हा परप्रांतांतून घोडे घेऊन आलेल्यांना कुणी विचारतो का, की तुमच्याकडे बाजार भरत नाही काय?

मला भीती होती ती मिस्त्रींच्या घरची. पण वहिनींनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात, मध्ये गुरे येत नाहीत आणि रुग्णवाहिका आधीच उभी असते. मग तोरणमाळच्या घाटात जाता, त्यापेक्षा ते बरेच की हो, भाऊजी!" एवढा मुद्देसूद ठराव आमच्या चौघांपैकी कुणालाही मांडता आला नसता.

मग हिशेब सुरू झाला. घोडा घेणारा शहाणा माणूस घोड्याच्या किमतीशी थांबत नाही. खोगीर किती, चंदी किती, हेही पाहतो. येथेही तसेच. विमानाचे तिकीट हा नुसता घोडा. त्यामागून मार्गाची फी, गाडीचे भाडे, अंगभर चामड्याचा पोशाख, शिरस्त्राण, हातमोजे, बूट आणि अनामत. गाडी पडली तर मोडतोडीची भरपाई चालवणाऱ्याने करायची. आणि नेहमीचा प्रवासविमा शर्यतमार्गावरची पडझड सहसा पत्करत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा!

मास्तरांनी तोड सुचवली. प्रत्येकाने दरमहा 5,000 रुपये टाकायचे. 24 महिन्यांत माणशी 1,20,000 आणि चौघांचे मिळून 4,80,000. मास्तरांचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, म्हणून त्यांना वर्षाचे बारा महिने सारखेच दिसतात. बागाईतदार मात्र गप्प झाले. पपई काही एक तारखेला पिकत नाही, आणि पिकली तरी भाव कळतो तो व्यापारी बांधावर आल्यावर. थोड्या वेळाने ते उठले. "तुम्ही जाऊन या. मी फोटो बघेन," म्हणाले. आवाज अगदी सहज होता, आणि म्हणूनच तो ऐकवेना.

चार-पाच दिवस त्या कागदाला कुणी हात लावला नाही. चौघांचा बेत तिघांत वाटला तर माणशी भार फारसा बदलत नव्हता, तरी कागद भलताच जड वाटू लागला.

वाट सापडली ती मिस्त्रींना. ते म्हणाले, "गट निराळे, म्हणजे पाळ्याही निराळ्या. एक गट मार्गावर असतो तेव्हा दुसऱ्याच्या गाड्या उभ्याच ना? मग चार गाड्या कशाला? दोन पुरेत. नवशिक्यांच्या गटात मास्तर नि हिशेबनीस, पुढच्या गटात आम्ही दोघे. घोडा एक, स्वार दोन!" मार्गाची फी माणशी भरावीच लागणार; पण भाडे आणि अनामत निम्म्यावर आली. बागाईतदारांनी महिन्याला काही न देता पपईच्या तोडणीनंतर आपला वाटा एकदम द्यायचा, असे ठरले. त्याला उसने म्हणायचे नाही, हेही ठरले.

उरला एक रकाना, पडझडीचा. "मी सावकाश चालवणार. मिस्त्री पडले तर मी का भरू?" मास्तरांचा सवाल अंकगणिताला धरून होता. बागाईतदार हसले. म्हणाले, "मास्तर, आमच्याकडे गारपीटही शेत बघून पडत नाही." मास्तरांनी चष्मा पुसला, पेन मागून घेतले आणि त्या रकान्यापुढे स्वतःच्या हाताने लिहिले, ‘चौघांत समान.’

अजून पासपोर्ट यायचे आहेत, पपईचा भाव कळायचा आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे लहानपणापासून ऐकत आलो, आणि ते खरेच आहे. पण चौघांची अंथरुणे शेजारी शेजारी घातली, तर एखाद्याचे पाय थोडे बाहेर गेलेले कुणाच्या लक्षातही येत नाहीत.