हातभर शेवाळाचं देणं

आमचं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं. पावसाळ्यात न्हाणीमागच्या भिंतीवर हिरवी मखमल धरायची. आई म्हणायची, "घासून काढ रे ते, पाय घसरते." मी तारेच्या घासणीनं खरवडायचो. उरलंसुरलं उन्हाळ्यात काळं पडून मेल्यासारखं दिसे आणि मृगाच्या सरीनं पुन्हा हिरवं होई. हे कसं, असं कधी कोणाला विचारलं नाही.

अमरावतीला बीएस्सीला गेलो, तिथंही जर्नल दुसऱ्याचं बघूनच उतरवलं. भिंतीवरच्या त्या मखमलीला मॉस म्हणतात हे कळलं, आणि 'मॉसमध्ये पाणी वाहून नेणारी रचना नसते' हे वाक्य तेवढं पाठ. पुढं अकोल्यात मास्तर झालो आणि तेच वाक्य वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत राहिलो.

एकदा तासाला एका मुलीनं मोबाइल पुढं केला. डॉसोनिया सुपर्बा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या ओल्या जंगलातलं मॉस, दिसायला पाइनच्या रोपासारखं, उंची ५० सेंटिमीटरपर्यंत. "सर, मंग हे पाणी वर कसं नेते?"

"तो अपवाद आहे," मी म्हणालो. तिनं निमूटपणे वहीत 'अपवाद' लिहिलं. ते मला लागलं.

त्या आठवड्यात पहिल्यांदा मनापासून अभ्यास केला. डॉसोनियाच्या खोडाच्या मधोमध लांबट पेशी असतात, त्यांना हायड्रॉइड म्हणतात. त्या मेल्यावरच कामाला येतात: आतलं सगळं विरून पोकळी उरते आणि तिच्यातून पाणी चढतं. लाकडाला कणखर करणारं लिग्निन मात्र त्यांच्यात नाही. पानांवर उभ्या हिरव्या पट्ट्यांची दाटी. पट्ट्यांमधल्या फटींत हवा राहते, त्यामुळे पावसातही पान गुदमरत नाही. इतकी उंची गाठूनही प्रजननाला पाण्याची गरज सुटत नाही: नर रोपाच्या शेंड्यावरच्या वाटीत थेंब आपटून शिंतोडे उडावेत, तेव्हा कुठं पुंबीजं मादी रोपाकडं जाणार.

मग चिखलदऱ्याच्या सहलीतून आणलेलं फ्युनारिया हे साधं मॉस काढलं. बोटाच्या पेराएवढंही नाही. बटाट्याच्या फोडीत धरून ब्लेडनं काप घेतला. चार काप फुकट गेले, हाताला सवय होतीच कुठं! पाचव्यात दिसला: मधोमध बारीक पेशींचा ठिपका. पाणी नेणारी तीच वाट, साधी आणि इवलीशी. माझ्या जुन्या स्लाइडमध्येही तो होताच. मीच पाहिला नव्हता.

पुढच्या तासाला वर्गात सांगितलं, मी चुकीचं शिकवत होतो. त्या मुलीनं 'अपवाद' खोडलं. आधीच्या मुलांच्या वह्या मात्र आता कुठं गाठू?