इंजिन उघडून पाहिल्यावर

वेताळवाडीच्या घाटात, किल्ल्याचा बुरूज दिसू लागतो त्या वळणापाशी, गाडीची ओढ एकदम गेली. मी उंडणगावला माहेरी निघाले होते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी चढेना. तापलेल्या लोखंडाचा वास आला, बोनेटखालून टकटक ऐकू आली आणि इंजिन बंद पडलं. तापमानाचा काटा मात्र मधोमध उभा होता. इंजिन बंद पडेपर्यंत तापलं, तरी काटा वर का गेला नाही, हे मला पुढे बरेच दिवस कळत नव्हतं.

कारण नंतर सोयगावच्या गॅरेजमधल्या मिस्तरींनी समजावलं. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो आणि कूलंटचंच तापमान सांगतो. रेडिएटरचा खालचा होज क्लॅम्पपाशी फाटला होता आणि सगळं पाणी चढावर सांडून गेलं होतं. सेन्सर कोरडा पडला, की काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी हीटर लावून पाहावा, गरम इंजिनात गार हवा आली तर आत पाणी नाही असं समजावं. गाडी चालवायला शिकताना हे कुणी शिकवत नाही, आणि शिकवायला हवं.

गाडी २०१४ची, डिझेलवर चालणारी, जुनीच घेतलेली. माझी शाळा बनोटीच्या बाजूला आहे, आणि घरच्या वडीलधाऱ्यांना दवाखान्यात न्यायचं तर जळगाव गाठावं लागतं. गाडी माझ्या गरजेची होती. त्या दिवशी ती टोचन करून घाट उतरवायला निघाले, तेव्हा मिस्तरींनी फोनवरूनच थांबवलं. इंजिन बंद असलं की ब्रेकला बूस्टर मिळत नाही, पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंगही जड होतं. दोराने बांधलेली गाडी उतारावर पुढच्या गाडीवर आदळू शकते. म्हणून क्रेन बोलावली.

सोयगावात गाडी गॅरेजला लागली आणि सल्ले सुरू झाले. दादा म्हणाला, आहे तशी विकून टाक. शाळेतल्या एका सरांनी सांगितलं, कुर्ल्याहून जुनं इंजिन मागवा, दोन दिवसांत बसतं. कुणी म्हणे नवं हाफ इंजिन, म्हणजे हेडशिवायचं इंजिन, टाका, कुणी म्हणे भंगारात द्या. विम्याच्या एजंटला विचारलं, तर आपोआप झालेला यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही, आणि इंजिनासाठी जे जादा कव्हर मिळतं ते मुख्यतः पाणी शिरून झालेल्या नुकसानीसाठी असतं, असं कळलं. सगळे आकडे सांगत होते, पण आत काय मोडलंय हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. त्या दिवसांत मला रात्री झोप लागत नसे, कारण प्रत्येकाचं बोलणं ऐकताना पटायचं.

मिस्तरी वयाने मोठे, बोलायला कमी. ते म्हणाले, "ताई, खोलल्याशिवाय मी भाव सांगणार नाही. खोलायची मजुरी द्या, मग ठरवा." मला हेच सगळ्यांत खरं वाटलं.

आधी त्यांनी क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. फिरलं, म्हणजे जाम नव्हतं. मग डिपस्टिक काढून मला दाखवली. तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं, तेल भरायच्या झाकणाखालीही तसाच फेस. पाणी तेलात मिसळलं होतं. ग्लो प्लगच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन पाहिलं, तर चारपैकी तीन सिलिंडर सारखे आणि तिसऱ्या नंबरचा निम्म्याहूनही खाली.

हेड उतरवल्यावर मी शेजारी उभी होते. तिसऱ्या सिलिंडरपाशी गॅस्केट जळून काळी पडली होती. मिस्तरींनी हेडवर पोलादी पट्टी आडवी, कडेवर उभी धरली आणि मागून टॉर्च मारला. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसली. हेड वाकलं होतं. मग म्हणाले, "आता बोट घाला." तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे होते. मी नख आडवं फिरवलं, ते अडकलं. बाकीच्या तिन्हींत नख सरळ घसरलं. नुसता हाताला जाणवण्याइतका ओरखडा असेल तर घासून निघतो, नख अडकलं तर बोअरच करावा लागतो, असा त्यांचा ठोकताळा. मला इतके दिवस कुणी सांगू शकलं नव्हतं ते त्या क्षणी माझ्या बोटाला कळलं.

रेडिएटरच्या तळाशी विटकरी गाळ होता. आधी कधीतरी त्यात कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी भरलं जात असावं, आमच्याकडच्या बोअरवेलच्या पाण्यात क्षार असतात.

एवढं पाहिल्यावर सल्ल्यांची छाननी सोपी झाली. नुसतं हेडचं फेसिंग करून, म्हणजे ते घासून सपाट करून, नवी गॅस्केट टाकायची, हे सगळ्यांत स्वस्त, पण ओरखडा तसाच राहिला असता आणि गाडीने तेल जाळलं असतं. शिवाय डिझेलच्या हेडचं फेसिंग हवं तितकं करता येत नाही. काही इंजिनांत कंपनीच त्याला नाही म्हणते, कारण हेड खाली बसलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. गॅस्केटही वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात आणि कडेच्या खाचा मोजून जाडी ओळखतात, हे मी जळगावच्या लेथवाल्याकडे पाहिलं.

जुन्या इंजिनाचा मोह मला बराच होता. पण त्याचा नंबर वेगळा असणार. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की ते नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर चढवावं लागतं. माझी पाटी एमएच-२०, म्हणजे त्यासाठी संभाजीनगर. आणि ते इंजिन कोणत्या गाडीतून निघालं याचा कागद हवा. मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्यांचे भाग विकले जात, म्हणून २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. बिलाशिवाय आलेलं इंजिन मी माझ्या नावावरच्या गाडीत बसवणार नाही, मग ते कितीही स्वस्त असो. नव्या हाफ इंजिनाचा भाव ऐकला आणि तो विचार सोडला. गाडीची किंमतच तितकी नव्हती.

भंगाराचंही विचारलं. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. पण मी नवी गाडी घेणार नव्हते, आणि माझ्या गाडीची नोंदणी २०२९ पर्यंत आहे.

उरलं विकणं. बंद गाडीला ७० हजार येत होते. इंजिन बांधायला ७५ हजारांच्या आसपास लागणार होते. म्हणजे दोन्ही मिळून दीड लाखाच्या आत. तेवढ्यात दुसरी जुनी गाडी आली असती, पण तिचं इंजिन आतून कसं आहे ते मला कोण सांगणार? या गाडीचं इंजिन मी स्वतः पाहिलं होतं. मिस्तरींकडून बाकीचीही तपासणी करून घेतली: गिअरबॉक्स, क्लच, सस्पेन्शन, खालचा पत्रा. कुठे गंज नव्हता. गिअरबॉक्सही गेला असता, तर मी विकून मोकळी झाले असते.

इंजिन बांधायचं ठरलं. ब्लॉक तोच राहिला, म्हणून नंबरही तोच आणि आरसीला हात लावावा लागला नाही. एका सिलिंडरसाठी चारही बोअर करायचे का, यावर मी अडले होते. पिस्टनचं वजन सारखं हवं, नाहीतर इंजिन थरथरतं, म्हणून चारही केले. ओव्हरसाइज पिस्टन, रिंग, बेअरिंग, तेलाचा पंप, रेडिएटर आणि सगळे होज नवे घातले. होजवर मिस्तरी पैसे वाचवायला तयार होते, मी नाही.

पहिले हजार किलोमीटर गाडी दाबायची नाही, घाटात वरच्या गिअरमध्ये ताणायची नाही, आणि हजाराला तेल आणि फिल्टर बदलायचा, असं त्यांनी बजावलं. मी लेथवाल्याकडून पक्कं बिल घेतलं आणि त्यावर पिस्टनचं माप लिहून घेतलं. पुढे कधी रिंग बदलायची वेळ आली, तर कोणताही मिस्तरी आधी तेच माप विचारणार. बिलाची झेरॉक्स आरसीच्या पाकिटात आहे, मूळ प्रत घरी कपाटात.