गाडीवाल्यांच्या बाजूने

"फेरीवाले हटवा, रस्ता आपोआप सुरक्षित होईल," हे बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या सभांमधलं माझं ठरलेलं वाक्य होतं. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला जाणाऱ्या तक्रार अर्जांचा मसुदाही बहुतेक वेळा मीच करायचे. गेली काही वर्षं मी असे अर्ज लिहीत नाही, आणि दुसऱ्याने लिहिला तर सही करत नाही. कमिटीतल्या मंडळींना हा पक्षबदल वाटतो. वाटू दे. पण त्यामागचं कारण नीट सांगायचं राहून गेलंय.

माझा राग घाणीमुळे नव्हता, भीतीमुळे होता. गर्दीत सोनसाखळी जाते, गल्लीच्या तोंडाशी टपरी आली की चार पोरं तिथे टेकतात, बायकांना त्यांच्यासमोरून मान खाली घालून जावं लागतं. टपरी गेली की पोरं जातील, असं सरळ गणित. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. तो पूल अरुंद होता, पाऊस आला होता, माणसं आडोशाला थांबली होती. पण शहराचा सगळा संताप फेरीवाल्यांवर निघाला, त्यात माझाही होता. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असा निकाल दिला. पालिकेची गाडी रोज फिरू लागली आणि आमच्या स्टेशनबाहेरचा रस्ता मोकळा झाला. सकाळी चालताना खरंच बरं वाटायचं.

रात्री अकराला त्याच रस्त्यावर वेगळंच काही होऊन बसलं. हातगाड्या हटल्या तिथे बाइका आणि टेम्पो लागले. दुकानांची शटरं खाली, पथदिव्याचा उजेड टेम्पोच्या टपावर, आणि दोन टेम्पोंच्या फटीत कोण उभं आहे ते दिसत नाही. पूर्वी त्या जागी प्रत्येक गाडीवर आपापला बल्ब होता आणि बल्बाखाली एक जागा माणूस होता. हे मी तेव्हा मोजलंच नव्हतं, कारण मी त्या वेळेला रस्त्यावर नसायचे. माझी मुलगी असायची. ती अंधेरीत नोकरी करते, उशिराच्या लोकलने येते. ती लांबच्या रस्त्याने घरी येते, हे कळल्यावर मी वैतागले.

"अगं, एवढा वळसा कशाला? सरळ रस्ता आता मोकळा झालाय."

"मोकळा झालाय म्हणूनच. तिकडे भुर्जीवाला असतो, आई. उशीर झाला की विचारतो, आज ट्रेन लेट का."

तो भुर्जीवाला माझ्या जुन्या अर्जात होता. 'रात्री उशिरापर्यंत चालणारा अनधिकृत व्यवसाय', असं मी लिहिलं होतं. मुलीला त्याचा उशिरापर्यंतचा व्यवसायच हवा होता.

मग मी या दृष्टीने पाहायला लागले. एमएमआरडीएने 2008 पासून उपनगरांत स्कायवॉक बांधले. माणसाने खालचा चिखल, रिक्षा आणि फेरीवाले टाळून डोक्यावरून जावं, ही कल्पना. दिवसा ठीक आहे. रात्री मात्र अनेक बायका खालच्या गोंगाटातूनच जातात, कारण वर काही झालं तर हाक खाली पोचायची नाही. अमेरिकेत जेन जेकब्स यांनी 1961 मध्येच लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित ठेवतात ती रस्त्याकडे डोळे लागलेली माणसं, दुकानदार त्यांत पहिले. आपल्याकडे शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक 2011 मध्ये आलं, तेही मुंबईवरच. बाईच्या सुरक्षिततेचं नाव घेऊन गरिबाला रस्त्यावरून हाकलू नका, आणि बाईलाही काही काम नसताना रस्त्यावर रेंगाळू द्या, असं त्यांचं म्हणणं. टवाळखोरालाही तोच हक्क, इथपर्यंत मी अजून आलेले नाही. तेवढं मला जड जातं.

आणि अंबोली विसरता येत नाही. ते पुस्तक आलं त्याच वर्षी, 20 ऑक्टोबर 2011 च्या रात्री, अंधेरी पश्चिमेला अंबोलीत एका रेस्टॉरंटबाहेर कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस या तरुणांनी आपल्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला अडवलं. तो गेला, टोळकं आणि सुरे घेऊन परत आला. कीनन त्याच रात्री गेला, रूबेन काही दिवसांनी रुग्णालयात. मे 2016 मध्ये चौघांना जन्मठेप झाली. तिथे रस्ता ओस नव्हता. लोक होते, पाहत होते, पुढे कुणी आलं नाही. डोळ्यांवर विश्वास टाकायचा म्हटलं की मला ही रात्र आडवी येते, आणि तिला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच वाटतं की नुसती बघ्यांची गर्दी वेगळी आणि आपल्याला चेहऱ्याने ओळखणारा माणूस वेगळा. भुर्जीवाला सुऱ्यासमोर उभा राहील अशी माझी अपेक्षा नाही. तो ओरडेल, शेजारच्या रिक्षावाल्यांना बोलावेल, 112 लावेल, एवढी आहे. मुलीला अंबोलीवरून एकच सांगितलंय: शब्दाला शब्द लागला आणि समोरचा निघून गेला, तर आपण जिंकलो समजून तिथे उभं राहायचं नाही. त्या मुलांचं काही चुकलं होतं म्हणून नव्हे. गेलेला माणूस एकटा परत येत नाही, म्हणून.

आमच्या कमिटीचा भर आता फाटक, वॉचमन आणि कॅमेऱ्यांवर आहे. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही, चोर नंतर सापडतो. पण 2012 साली वडाळ्यात एका तरुण वकील मुलीचा खून झाला तो तिच्याच इमारतीच्या सुरक्षारक्षकाच्या हातून. भिंतीच्या आत कोण आहे हा प्रश्न भिंत उंच करून सुटत नाही.

मला फुटपाथ अडवलेला आजही चालत नाही. आमच्या इमारतीतल्या एक आजी वॉकर घेऊन चालतात, त्यांना रस्त्यावर उतरावं लागतं, हे अन्यायाचंच आहे. फेरीवाल्यांचा कायदा 2014 मध्ये झाला. त्यात सर्वेक्षण, परवाना, ठरलेली जागा, समिती, सगळं आहे. मुंबईत ते रखडतच चाललंय. परवाना नाही म्हणून हप्ता आणि हप्ता आहे म्हणून परवाना नको, असा हा व्यवहार. अर्ज लिहायचाच तर आता या विषयावर लिहीन.

पुढच्या सभेत मागचं फाटक रात्री दहाला कायमचं कुलूपबंद करण्याचा ठराव येतोय. ते फाटक भुर्जीच्या गाडीसमोर उघडतं. बहुमत ठरावाच्या बाजूने दिसतंय. मी विरोधात मत देणार आहे आणि उशिरा घरी येणाऱ्या मुलींना त्या सभेला बोलवावं, अशी मागणी लेखी दिली आहे.