शिक्षिका, पण सध्या नाही

प्रिन्सिपल बाईंनी माझ्या बाळंतपणाच्या रजेवर सही केली आणि मी समजले, कागदपत्रांचा विषय संपला. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका सरकारी माध्यमिक शाळेत मी आठवीला गणित शिकवत होते. बाळ आलं, झोप गेली, आणि ऑगस्टमध्ये कधीतरी एक मेल आला: तुमची शिक्षक-नोंदणी ३० सप्टेंबरला संपते आहे, नूतनीकरण करा. मला वाटलं, यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणून मी त्या मेललाच नम्रपणे उत्तर लिहिलं की मी रजेवर आहे, शाळेने मंजूर केली आहे, कृपया नोंद घ्यावी. तो मेल यंत्राने पाठवलेला होता. माझं उत्तर मिनिटाभरात परत आलं. मग शाळेच्या ऑफिसात फोन केला, तेव्हा तिथल्या बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "रजा आमची. नोंदणी तुझी."

तिकडे गावाकडच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे बी.एड. एकदा झालं की झालं. माझं पुण्याचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कपाटात आहे, त्याला कधी कुणी 'अजून चालू आहे का' असं विचारलेलं नाही. शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या, प्रमाणपत्राला पूर्वी सात वर्षांची मुदत होती, तीही २०२१ मध्ये काढून ते आजन्म केलं. ऑस्ट्रेलियात मात्र पदवी ही नुसती सुरुवात. प्रत्येक राज्याची शिक्षकांची एक नोंदवही असते, तीत नाव असेल तरच वर्गात उभं राहता येतं. व्हिक्टोरिया राज्यात ही वही व्हिक्टोरियन इन्स्टिट्यूट ऑफ टीचिंगकडे असते, सगळे तिला व्हीआयटी म्हणतात. दरवर्षी फी भरायची, आपल्यावर काही गुन्हा वगैरे नाही हे लिहून द्यायचं, दर पाच वर्षांनी पोलिसी पडताळणी, आणि मुख्य म्हणजे दोन गोष्टी दाखवायच्या: वर्षात वीस दिवस शिकवण्याचं काम आणि वीस तास प्रशिक्षण. इतकी वर्षं हे मी डोळे मिटून भरत होते. वीस दिवस तर एका महिन्यात होतात, आणि तास शाळाच भरून काढते. मुलांना सुट्टी देऊन शिक्षकांना दिवसभर खुर्च्यांवर बसवतात त्या दिवसांत. त्यामुळे या नियमांमधलं आपल्याला काय कळतं हे तपासायची वेळच आली नव्हती. आली, तेव्हा कळलं की काहीच कळत नाही.

अशा वेळी माणूस करतो तेच मी केलं. व्हॉट्सॲपवर विचारलं. ऑस्ट्रेलियातल्या मराठी शिक्षिकांचा आमचा एक ग्रुप आहे, त्यात एरवी चकलीची भाजणी कुठे मिळते यावर चर्चा असते. सिडनीच्या मैत्रिणीचं उत्तर लगेच आलं: "अगं, लीव्ह ऑफ ॲब्सेन्स घे. मी घेतली होती. सोप्पं आहे." झालं. रात्री बाळाला एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून मी माझ्या व्हीआयटीच्या ऑनलाइन खात्यात 'लीव्ह ऑफ ॲब्सेन्स' शोधत बसले. मेनू उघडले, मिटले, पुन्हा उघडले. नाहीच. ते असणारही नव्हतं, कारण सिडनी न्यू साउथ वेल्समध्ये. तिथली संस्था वेगळी, कायदा वेगळा, हिशेबही वेगळा: पूर्णवेळ शिक्षकाला पाच वर्षांत मिळून शंभर तास, अर्धवेळ किंवा बदली कामावर असलेल्याला त्यासाठी सात वर्षं. तिथे त्याला 'ॲक्रेडिटेशन' म्हणतात, आमच्याकडे 'रजिस्ट्रेशन'. एका राज्याची नोंदणी दुसऱ्यात मान्य करून घेता येते, त्यासाठी १९९२ चा कायदासुद्धा आहे, पण एका राज्याची सवलत दुसऱ्यात चालत नाही. मैत्रिणीला हे कळवलं तर तिने अंगठा पाठवला.

आमच्याकडे जे होतं त्याचं नाव 'नॉन-प्रॅक्टिसिंग रजिस्ट्रेशन'. मराठीत मी त्याला 'न-शिकवती नोंदणी' म्हणते. कानाला दूध आटलेल्या म्हशीबद्दल बोलल्यासारखं वाटतं, पण अर्थ पोहोचतो. ज्यांनी काही काळ काम थांबवलंय किंवा जे निवृत्त झालेत, त्यांच्यासाठी ही सोय. नाव वहीत राहतं. वीस दिवस आणि वीस तास दाखवावे लागत नाहीत. मात्र शाळेत किंवा बालवाडीत शिक्षकाचं काम करता येत नाही. पूर्णवेळ नाही, अर्धवेळ नाही, कुणी आजारी पडलं म्हणून एका दिवसासाठी बदलीवरसुद्धा नाही. आणि फी आहेच.

नवऱ्याला हे वाचून दाखवलं. तो बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत होता. म्हणाला, "म्हणजे तू शिक्षिका राहणार, शिकवणार नाहीस, आणि पैसे तूच भरणार?"

"हो."

"मग नावच काढून टाक ना. परत जाशील तेव्हा घाल."

त्याचा प्रश्न गैर नव्हता. पण हे नाव वहीत चढवताना काय झालं होतं ते त्याला आठवत नसावं. मला आठवतं. परदेशात शिकलेल्या शिक्षकासाठीची इंग्रजीची परीक्षा. आयईएल्ट्समध्ये वाचन-लेखनाला सात आणि ऐकण्या-बोलण्याला आठ. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला बोलण्यात आठ पाडताना घाम फुटतो, परीक्षकासमोर मी 'माझं आवडतं सरोवर' या थाटात बोलत होते. मग आधी तात्पुरती नोंदणी. मग ती कायम करण्यासाठी आपल्याच वर्गावर केलेला एक छोटा अभ्यास: प्रश्न काय होता, काय करून पाहिलं, मुलांत काय बदललं, पुरावे जोडा. अनुभवी शिक्षकांनी येऊन माझा तास पाहायचा, मी समीकरणाची बाजू बदलताना चिन्ह बदलायचं विसरायचं, आणि मुलांनी ते दाखवून द्यायचं. त्या अहवालात मी याला 'विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग' असं नाव दिलं होतं. ते सगळं परत? फी भरलेली परवडली.

तेव्हा ठरलं, न-शिकवती नोंदणी. अर्ज उघडला, निम्मा भरला, आणि एका रकान्याशी अडले म्हणून शेवटी व्हीआयटीला फोन केला. तो आधीच करायला हवा होता हे उघड आहे, पण इंग्रजीत फोनवर सरकारी काम म्हटलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. पलीकडच्या बाईंनी माझं पुराण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वर्गात शेवटचा दिवस कोणता होता?"

"फेब्रुवारीचा शेवट."

"मग वीस दिवस झालेत की तुमचे."

मी गप्प. इथलं शालेय वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होतं आणि डिसेंबरमध्ये संपतं, म्हणून माझ्या डोक्यात सगळा हिशेब जानेवारीपासून होता, आणि त्यातही बाळंतपणाआधीच्या डॉक्टरच्या खेपांमुळे चुकलेले दिवस वजा करून मी घाबरले होते. पण नूतनीकरणाला मागचे बारा महिने धरतात. म्हणजे आदल्या ऑक्टोबरपासूनचं आख्खं चौथं सत्र हिशेबात. त्या वर्षी मला काहीच थांबवायची गरज नव्हती! रजेचं वर्ष आणि नोंदणीचं वर्ष ही दोन वेगळी वर्षं आहेत, हे गणिताच्या शिक्षिकेला फोनवरच्या बाईने बोटं मोजून दाखवलं.

उरले तास. शाळेतले काही जमेस होते, बाकीचे मला घरी बसून करायचे होते. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. व्याख्यान ऐकलं, झालं, असं नसतं. प्रत्येक नोंदीत तारीख, तास, काय केलं, ते कोणत्या व्यावसायिक मानकात बसतं, आणि त्यामुळे तुमच्या कामात काय फरक पडला, हे लिहायचं. देशभराच्या शिक्षकांसाठी २०११ पासून ही मानकं आहेत: सात मुख्य, त्यांच्या पोटात सदतीस मुद्दे. शिवाय अपंगत्व असलेल्या मुलांना शिकवण्याबद्दलचं प्रशिक्षण त्या तासांत असायलाच हवं. मी अंक-अक्षमतेवरचं ऑनलाइन व्याख्यान निवडलं, म्हणजे ज्या मुलांना संख्यांचा अंदाजच बांधता येत नाही त्यांच्याबद्दलचं. बाळ मांडीवर, कॅमेरा बंद, माइक बंद. व्याख्यान खरंच चांगलं होतं. सात आणि आठ यांतलं मोठं कोणतं हे सांगायलाही काही मुलांना मोजावं लागतं, कारण त्यांच्या डोळ्यांना 'जास्त' दिसतच नाही. मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. त्याला मी वर्षभर 'नीट लक्ष दे' म्हणत आले होते. मग 'कामात काय फरक पडला' हा रकाना आला. माझ्यासमोर वर्ग नव्हता, तीन महिन्यांचं बाळ होतं. मी त्या मुलाबद्दल लिहिलं. पुढच्या व्याख्यानाच्या वेळी कॅमेरा बंद करायचा राहून गेला आणि साठेक शिक्षकांनी मला डायपर बदलताना पाहिलं. तो तास मात्र मी मानक चारमध्ये घातला: सुरक्षित आणि पोषक वातावरण राखणे.

पुढच्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, असा कुठलाही मधला मार्ग उरला नव्हता. वर्गात वर्षभर पाऊल टाकलं नव्हतं. या वेळी न-शिकवती नोंदणीचा अर्ज पटापट भरला. पण मग रविवारच्या मराठी शाळेचं काय, ही नवी धास्ती. तिथे मी मुलांना बाराखडी शिकवते, विनामोबदला. शिकवायचं नाही म्हणजे तेही नाही? कायदा उघडून पाहिला. व्हिक्टोरियाच्या २००६ च्या शिक्षण कायद्यात शाळा म्हणजे सक्तीच्या शिक्षणाच्या वयातल्या मुलांना शाळेच्या नेहमीच्या वेळेत शिक्षण मिळतं ती जागा. रविवारी सकाळी दहा ते बारा ही काही शाळेची नेहमीची वेळ नाही. सुटले. संयोजक काकांना हे उत्साहाने सांगितलं, तर ते चिडलेच. "म्हणजे आमची शाळा शाळाच नाही म्हणतेस?" त्यांना शांत करायला दोन चहा लागले. त्यांच्याकडूनच एक उपयोगाची गोष्ट कळली. इथे मुलांसोबत काम करणाऱ्या स्वयंसेवकाला त्यासाठीच्या पडताळणीचं वेगळं कार्ड काढावं लागतं, पण नोंदणीकृत शिक्षकाला ते लागत नाही. नवऱ्याचं ऐकून मी नाव काढलं असतं, तर 'क कमळाचा' शिकवायला आधी ते कार्ड काढावं लागलं असतं. हे नवऱ्याला मी दोनदा ऐकवलं.

त्याच सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला तिकडे भारतात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असतील तर, दोन वर्षांत टीईटी पास व्हावंच लागेल. साताऱ्याकडची माझी आतेबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली ती २०१३ मध्ये, आणि ती त्याच्या कितीतरी आधी लागलेली. व्हिडिओ कॉलवर ती मानसशास्त्राचं गाइड दाखवत होती. मी तिला माझी वीस दिवस, वीस तासांची रडगाणी सांगितली. ती म्हणाली, "ताई, तुला दरवर्षी थोडं थोडं विचारतात. मला वीस वर्षांनी एकदम विचारलं." मला वाटतं, तिचं बरोबर आहे. दरवर्षीचा फॉर्म कटकटीचा असतो, पण नियम बदलला तर तो आपल्याला त्या वर्षीच कळतो. पियाजे कोणत्या वयाला काय म्हणतो हे तिने मला विचारलं. मला आलं नाही.

या मार्चमध्ये शाळेतून फोन आला. फ्लूची साथ, तीन शिक्षक घरी, "एकच दिवस येशील का? फक्त आठवी." बाळ पाळणाघरात रुळलं होतं, माझी इच्छाही होती. पण व्हीआयटीची नोंदवही सगळ्यांना ऑनलाइन पाहता येते, आणि तिच्यात माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते शाळेलाही दिसतं. मीच त्यांना ते पाहायला सांगितलं. पलीकडे कळफलकाचा आवाज, मग, "ओह. राइट." फोन ठेवल्यावर मी परतीची माहिती काढली. परत शिकवती नोंदणी हवी तर पुन्हा अर्ज आहे, आणि आपलं ज्ञान ताजं आहे हे दाखवायचं आहे. म्हणून तासांची वही परत सुरू केलीये. या आठवड्यात अपूर्णांकांवरचं एक व्याख्यान आहे, रात्री साडेआठला, बाळ झोपल्यावर. कॅमेरा आधीच चिकटपट्टी लावून बंद केला आहे.