तीनशे किलोमीटर, मग मुक्काम

रोड ट्रिप म्हटलं की आपल्या पिढीच्या डोक्यात एकच सिनेमा सुरू होतो. २००१चा 'दिल चाहता है'. तीन मित्र, उघडी गाडी आणि समोर गोवा. कसलं भारी! पण त्या गाडीत मागच्या सीटवर अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी नाही. कुणाच्या पर्समध्ये बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप नाही. 'पुढे स्वच्छ बाथरूम कधी येणार?' हा प्रश्न त्या तिघांपैकी एकालाही पडत नाही. आणि गाडी कुणी चालवायची, यावरून कुणाच्या घरात आठवडाभर अबोला होत नाही.

फॅमिली रोड ट्रिप हा वेगळाच सिनेमा आहे, बॉस. त्याची स्क्रिप्ट निघायच्या दोन महिने आधी डायनिंग टेबलवर लिहावी लागते आणि डायरेक्टर एक नसतो, पाच असतात.

आमचा रूट होता पुणे ते तंजावर. जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटर. आजी, आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. तंजावरच का, तर आजीमुळे. आजी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवायची. चौथीचा इतिहास म्हणजे शिवाजी महाराज आणि त्यात शेवटी शेवटी येणारे त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, ज्यांनी १६७०च्या दशकात पार खाली तंजावरला आपलं राज्य उभं केलं. "तीस वर्षं फळ्यावर नकाशा काढून पोरांना तंजावर दाखवलं," आजी म्हणायची, "पण मी स्वतः काही सोलापूरच्या पुढे गेले नाही." हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा झालंय, की शेवटी भावाने एका रविवारी कॅलेंडरच काढलं.

भाऊ हिंजवडीला नोकरी करतो, म्हणजे रजा ही आमच्या घरातली सगळ्यात महागडी वस्तू. पण २०२४ला नाताळ बुधवारी आला होता. शनिवारी २१ डिसेंबरला निघायचं आणि सोमवारी ३० तारखेला परत. दहा दिवसांची ट्रिप आणि रजा फक्त पाच! ऑफिसवाल्यांनो, कॅलेंडर असं वाचायला शिका. (मी फ्रीलान्सर. मला रजा नसते, फक्त डेडलाइन असते.)

ट्रेनने का नाही? कारण स्टेशनवरचे जिने आजीचे गुडघे मान्य करत नाहीत. आणि आजीला गाडीनेच जायचं होतं, वाटेतलं सगळं बघत.

खरा प्रश्न वेगळाच होता. बाबा.

बाबांची जानेवारी २०२४मध्ये अँजिओप्लास्टी झाली. त्याआधी आमच्या घरातली प्रत्येक ट्रिप त्यांनी एकट्याने चालवली होती. गणपतीपुळे असो की अष्टविनायक, स्टिअरिंगवर बाबा आणि बाकी सगळे झोपलेले. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी ग्रीन सिग्नल दिला. गाडी चालवा, पण दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा आणि रात्रीचं जागरण नको. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर त्यांनी प्लॅन जाहीर केला. पहाटे चारला निघू, रात्री बंगळुरू, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तंजावर. "पुणे-बंगळुरू आपण एका दमात मारलंय पूर्वी." त्यावर आई काहीच बोलली नाही. आणि आई बोलत नाही तेव्हा प्रकरण सीरियस असतं. 'आता तुम्हाला झेपणार नाही' हे वाक्य घरातल्या प्रत्येकाच्या जिभेवर होतं. पण ते उच्चारायचं कुणी? ज्या माणसाने मला एम्प्टी ग्राउंडवर क्लच सोडायला शिकवलं, त्याला मी हे सांगणार? त्या आठवड्यात चहा, पेपर, जेवण सगळं वेळेवर झालं, बोलणं तेवढं बंद होतं.

मग मी एक कागद घेतला. मास कॉमच्या कोर्समध्ये एक गोष्ट बरी शिकवतात, की उत्तर अवघड असेल तर प्रश्न बदलून बघा. आपण सगळे ट्रिप प्लॅन करताना विचारतो, 'एका दिवसात किती लांब पोहोचू?' मी विचारलं, 'थांबायचं कुठे?'

पुणे ते तंजावर साडेबाराशे किलोमीटर. भागिले चार. दिवसाला साधारण तीनशे. आता नकाशा बघा. पुणे-बेळगाव सुमारे ३४०. बेळगाव-चित्रदुर्ग ३१०. चित्रदुर्ग ते बंगळुरूच्या पलीकडचं कृष्णगिरी २९०. कृष्णगिरी ते सेलम, नामक्कल, त्रिची करत तंजावर ३१०. जणू कुणी पट्टी ठेवून गावं वसवली होती!

आणि या हिशेबातून आणखी एक गोष्ट आपोआप बाहेर पडली. तीनशे किलोमीटर म्हणजे हायवेवर थांबे सोडून सहा तासांचं ड्रायव्हिंग. गाडी चालवणारे आम्ही तिघं. म्हणजे प्रत्येकी दोन तास. पहिली पाळी बाबांची, कारण सकाळचा रस्ता मोकळा आणि ऊन नाही. दुसरी भावाची, तिसरी माझी. 'तुम्ही कमी चालवा' असं कुणी कुणाला म्हणायची गरजच उरली नाही. ते भागाकाराने सांगितलं. बाबांनी कागद दोनदा वाचला, खिशातलं पेन काढलं आणि बेळगावच्या पुढे लिहिलं, 'कुंदा घेणे'. आई त्या दिवशी पुन्हा बोलायला लागली.

एकदा 'कुठे थांबायचं' हा प्रश्न हातात आला, की बाकीचं प्लॅनिंग त्याच्याभोवती उभं राहतं. पहिला नियम, संध्याकाळी पाचच्या आत हॉटेलवर. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अनोळखी गावात अंधारात पत्ता शोधणं म्हणजे दिवसभराच्या थकव्यावर फोडणी. दुसरा, हॉटेल निवडताना स्टार बघायचे नाहीत, फोन करायचा. तीन प्रश्न: तळमजल्यावर खोली आहे का? कमोड आहे का? गाडी आवारात लागते का? आणि बाथरूमचा फोटो मागवायचा. तिसरा, प्रत्येक मुक्कामी दुसऱ्या एका हॉटेलचा नंबर वहीत हवा. हा नियम एका गावात असा काही उपयोगी पडला की विचारू नका. आम्ही तळमजला सांगून बुक केलेली खोली पहिल्या मजल्यावर निघाली, लिफ्ट बंद आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "ॲडजस्ट करा." पुण्यात लिहून आणलेला दुसरा नंबर फिरवला आणि वीस मिनिटांत आजी तळमजल्यावरच्या पलंगावर पाय पसरून बसलेली होती.

तारखांचंही बघावं लागतं. बेळगावला कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, बहुतेकदा डिसेंबरातच. त्या दिवसांत तिथे चांगली खोली मिळणं मुश्कील. आणि तमिळनाडूचा मोठा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत नसतो, ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. ३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ धडकलं आणि पाठोपाठ आमच्या तिसऱ्या मुक्कामाच्या, कृष्णगिरीच्या, जिल्ह्यात तुफान पाऊस झाला. टीव्हीवर पाण्यात वाहणाऱ्या गाड्या बघून आई म्हणाली, "बघ, देवच नको म्हणतोय." देवाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी तिला बुकिंगचे कागद दाखवले. सगळी हॉटेलं अशी, की दोन दिवस आधी कॅन्सल केलं तर पैसे परत. १८ तारखेला हवामान बघू आणि मग ठरवू. १८ला आकाश स्वच्छ होतं.

खर्चाचं विचाराल तर पेट्रोल साधारण सतरा हजारांचं. टोलसाठी फास्टॅग भरून ठेवायचा, २०२१च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचाच झालाय. आम्ही गेलो तेव्हा वार्षिक पास नव्हता. खासगी गाड्यांसाठीचा तो पास १५ ऑगस्ट २०२५ला सुरू झाला, तेव्हा तीन हजारांत दोनशे फेऱ्या मिळत होत्या. आणि महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ हा हेल्पलाइन नंबर. तो मोबाइलमध्ये नाही, डॅशबोर्डवर चिकटवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

आणि हो, आईचा डबा. तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, दाण्याची चटणी आणि मेतकुटाची बरणी. "तिकडे भात मिळतो गं, पण मेतकूट मिळतं का?" या युक्तिवादाला उत्तर नाही.

२१ तारखेला सकाळी साडेसहाला निघालो. साताऱ्याच्या पुढे तेव्हा सहापदरीचं काम चालू होतं, डायव्हर्जनवर डायव्हर्जन. एका दमात बंगळुरू गाठायचं असतं, तर प्रत्येक डायव्हर्जनवर गाडीतलं वातावरण तापलं असतं. पण आम्हाला फक्त बेळगाव गाठायचं होतं. बाबांनी चक्क शीळ वाजवली.

आणि मुक्कामच ट्रिप झाले. बेळगावला दुकानदार मराठीत बोलला म्हणून आजी त्याच्याकडे पंधरा मिनिटं थांबली. दुसऱ्या दिवशी दावणगेरेला बेण्णे डोसा. बेण्णे म्हणजे लोणी, म्हणजे बाबांना बंदी. आईने तहाच्या अटी ठरवल्या, आज अर्धा आणि येताना उरलेला अर्धा. चित्रदुर्गला सात तटांचा किल्ला. आजी पहिल्याच दरवाजाशी बसली आणि आम्हाला ओनके ओबव्वाची गोष्ट सांगितली, हैदर अलीच्या सैनिकांना मुसळाने आडवं करणाऱ्या बाईची. भाऊ म्हणाला, "आजी, हे चौथीत नव्हतं." आजी म्हणाली, "चौथीत सगळं मावतं का?"

तिसऱ्या दिवशी तुमकूरजवळ ताटाएवढी तट्टे इडली खाऊन बंगळुरूच्या बाहेरूनच नाइस रोडने होसूरच्या रस्त्याला लागलो. टोल वेगळा पडतो, पण शहरातला ट्रॅफिक टळतो. कृष्णगिरीला सकाळी उठलो तर मार्गळी महिना चालू होता. दारोदारी ओलं अंगण आणि त्यावर ठिपक्यांचे कोलम. आजी काठी टेकत गल्लीभर फिरली. एका घरासमोर ठिपके मोजत उभी राहिली, तर आतल्या बाईने हसून पिठाची वाटीच पुढे केली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आजीने वाकता येत नाही म्हणून खुणेने सांगितलं, ठिपके कुठे जोडायचे ते. दोन दिवसांत तंजावर गाठलं असतं, तर ही गल्ली आमच्यासाठी अंधारात मागे गेलेला एक दिवा असती.

तंजावरचं बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने बांधलं, १०१० साली पूर्ण झालं. पण आजीला गोपुरापेक्षा भिंत बघायची होती. मंदिराच्या आवारात एका भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतलाय, मराठीत. तमिळ शिलालेखांनी भरलेल्या त्या मंदिरात आपली अक्षरं. आजी एकेक अक्षर लावत वाचायला लागली. बोट हवेत, फळ्यावर धरावं तसं. भाषा जुनी, शब्द जोडलेले, दोन ओळींना पंधरा मिनिटं लागली. बाबा तिच्या मागे तिची पर्स धरून उभे होते आणि एकदाही घड्याळ बघत नव्हते. जो माणूस आयुष्यभर 'चला, चला, उशीर होतोय' म्हणत आला, तो पाठीमागे हात बांधून चौथीच्या वर्गात उभा होता.

परतीच्या तिसऱ्या दिवशी, चित्रदुर्गहून निघताना, पहिली पाळी नेहमीप्रमाणे बाबांची होती. ते गाडीपाशी आले, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तू चालव. मी जरा आजीशेजारी बसतो." कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दहा मिनिटांत दोघंही झोपले. आईने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाण्याचा आवाज कमी केला.

हावेरीच्या आसपास बाबांना जाग आली. बाहेर बघत त्यांनी विचारलं, "दावणगेरे गेलं?"

गेलं होतं. तासाभरापूर्वीच.

"माझा अर्धा डोसा राहिला," ते म्हणाले. मग चष्मा पुसत, अगदी सहज, "असू दे. पुढच्या वेळी."