पहिल्या फुलाआधीची वर्षे

बियापासून वाढवलेल्या ऑर्किडला पहिले फूल यायला किती काळ लागेल, हे जातीवर अवलंबून असते. फॅलेनॉप्सिसचे संकर अडीच-तीन वर्षांत फुलतात. कॅटलियाला साधारण पाच ते सात वर्षे लागतात. बोर्निओतील किनाबालू पर्वताच्या परिसरात वाढणारे पॅफिओपेडिलम रॉथचाइल्डियानम दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक थांबायला लावते. बी पेरले तेव्हा कडेवर असलेले मूल फूल उमलेपर्यंत सायकल चालवू लागलेले असते.

या विलंबाचे मूळ बियातच आहे. आंब्याच्या कोयीत किंवा हरभऱ्याच्या दाण्यात कोंबासाठी अन्न साठवलेले असते. ऑर्किडचे बी मात्र शिदोरीशिवाय घराबाहेर पडते. काही जातींच्या एकाच बोंडात दहा लाखांहून अधिक बिया असतात. धुळीसारखी ही बी वाऱ्यावर दूर जाते, पण तिच्यात भ्रूणपोष नसतो. योग्य बुरशीची गाठ पडली तरच ती रुजते. बुरशीचे धागे बियाच्या आत शिरतात, त्यांच्याकडून भ्रूणाला अन्न मिळते, आणि त्यातून पान नाही, मूळ नाही असा नुसता एक सूक्ष्म पिंड तयार होतो. लाखो बियांतून एखाददुसरीच एवढी मजल मारते.

बुरशीचे हे काम फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी 1899 मध्ये ओळखले. फोंतेनब्लोच्या जंगलात पालापाचोळ्याखाली गाडल्या गेलेल्या एका ऑर्किडच्या बिया त्यांना रुजलेल्या सापडल्या, आणि त्या रोपांच्या पेशींत बुरशी होती. त्यापूर्वी युरोपातील माळी मातृरोपाच्या कुंडीतच बी भुरभुरत आणि नशिबावर हवाला ठेवत. कुंडीत आईच्या मुळांबरोबर तिची बुरशीही असते, म्हणून काही रोपे हाती लागत. मानवाने घडवलेला पहिला ऑर्किड-संकर अशाच काळात, 1856 मध्ये, इंग्लंडमधील एक्सेटर येथे व्हीच यांच्या रोपवाटिकेत फुलला. जॉन डॉमिनी या माळ्याने तो कॅलॅन्थे या जमिनीवर वाढणाऱ्या ऑर्किडच्या दोन जातींपासून तयार केला होता. त्यांपैकी एक, कॅलॅन्थे मसुका, पश्चिम घाटातही आढळते. कॅलॅन्थे लवकर फुलणारी असल्यामुळे डॉमिनींना फार थांबावे लागले नाही.

1922 मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी दाखवून दिले की आगरमध्ये साखर आणि क्षार मिसळून दिले, तर बी बुरशीशिवायही रुजते. तेव्हापासून ऑर्किडचे बालपण निर्जंतुक बाटलीत जाऊ लागले. बाटलीत प्रथम हिरवट दाणे दिसतात, मग इवलीशी पाने, मग मुळे. वर्षा-दीड वर्षाने रोपे बाहेर काढून एका कुंडीत दाटीने लावतात, कारण सोबतीने ओलावा टिकतो. बाहेरच्या हवेचा हा पहिला सामना सगळ्याच रोपांना झेपत नाही. बाटलीने मरण कमी केले, पण वाढीचा वेग रोपाने आपलाच ठेवला.

पुढची वर्षे भांडवल जमवण्याची असतात. कॅटलियाच्या बुंध्याशी दरवर्षी नवा फुटवा येतो आणि त्याचे खोड फुगून पाणी व अन्न साठवते. या फुगीर खोडाला आभासी कंद म्हणतात. पहिला कंद गव्हाच्या दाण्याएवढा, पुढचा त्याहून मोठा, त्यापुढचा आणखी मोठा. पूर्ण वाढीच्या मापाला पोचेपर्यंत रोप फुलाचा विचारही करत नाही. फुलदांडा, पाकळ्या आणि नंतर बोंडातील लाखो बिया हा मोठा खर्च आहे. साठा नसताना तो केला तर रोप खचते. म्हणूनच अशक्त रोपाला दांडा आला तर जाणकार बागवान तो काढून टाकतात.

वरवर पाहणाऱ्याला या काळात काहीच घडत नाही असे वाटते, पण रोप रोज काहीतरी सांगत असते. मुळांची टोके हिरवी आणि ताजी असणे, नवा कंद मागच्यापेक्षा मोठा असणे, या वाढ चालू असल्याच्या खुणा आहेत. पाने गडद हिरवी आणि लुसलुशीत असली, तर रोप दिसायला देखणे असते, पण त्याला उजेड कमी पडत असतो. फुलासाठी पोपटी झाक चांगली. कॅटलियाच्या पानाच्या बेचक्यात कधी फुलकोश दिसतो, आशा लागते, आणि कोश रिकामाच वाळून जातो. अशा वेळी खत वाढवून काही साधत नाही. पुढच्या कंदाची वाट पाहावी लागते.

रोप वयात आले तरी ऋतूचा इशारा लागतो. फॅलेनॉप्सिसला काही आठवडे थंडावा मिळाला की दांडा सुटतो. हिमालयाच्या पायथ्याकडील डेंड्रोबियम नोबिलेला थंड आणि कोरडा हिवाळा हवा असतो. मुंबई किंवा कोकणातील उबदार हवेत त्याला वर्षभर पाणी आणि खत मिळत राहिले, तर फुलांच्या जागी कांडीवर नवी पिल्लेच फुटतात. असे रोप कितीही वर्षे सांभाळले तरी नुसत्या धीराने फुलत नाही. वाट पाहणाऱ्याने रोपाचे मूळ गाव कोणते, तिथला हिवाळा कसा, हेही जाणून घ्यायला हवे.

संकराचे बी पेरणाऱ्याची प्रतीक्षा आणखी वेगळी असते. एकाच बोंडातील भावंडांत प्रत्येकाचा रंग, आकार, गंध निराळा असू शकतो, आणि पहिले फूल उमलेपर्यंत तो कुणालाच ठाऊक नसतो. त्यातही पहिला बहर अनेकदा लहान आणि विरळ असतो; रोपाची खरी योग्यता दुसऱ्या-तिसऱ्या बहरात कळते. 1960 मध्ये फ्रान्सचे जॉर्ज मोरेल यांनी वाढत्या टोकातील पेशींपासून ऑर्किडची हुबेहूब रोपे करण्याची वाट दाखवली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रोपांचे फूल आधीच ठरलेले असते. त्यामुळे ऑर्किड सर्वांच्या आवाक्यात आले हा मोठा लाभ आहे. पण कधीच कुणी न पाहिलेले फूल आजही बियापासूनच येते, आणि त्यासाठी वर्षेच मोजावी लागतात.

या वर्षांची किंमत ब्रिटनमधील सायप्रिपेडियम कॅल्सिओलस या पिवळ्या बुटासारख्या फुलाच्या ऑर्किडने दाखवून दिली. हौशी लोकांनी ते इतके उपटले की 1917 मध्ये ते देशातून नामशेष झाल्याचे मानले गेले. 1930 मध्ये यॉर्कशायरमध्ये एकच झाड सापडले. त्याचा ठावठिकाणा गुप्त ठेवण्यात आला आणि बहराच्या दिवसांत त्याच्यावर पहारा ठेवला जाऊ लागला. 1983 मध्ये क्यू येथील वनस्पती उद्यानात ऑर्किड-संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला, आणि 1989 मध्ये बियापासून वाढवलेली पहिली रोपे रानात लावण्यात आली. त्यांतले पहिले फूल उमलले 2000 साली. उपटायला काही क्षण लागले होते. एक फूल परत यायला रोप लावल्यापासून अकरा वर्षे गेली.

सह्याद्रीतील ऑर्किडांनाही हाच हिशेब लागू आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आंब्या-जांभळाच्या फांदीवरून ‘सीतेची वेणी’ या ऑर्किडचे गुलाबी-पांढरे घोस लोंबतात. अनेकजण या झाडाला बांडगूळ समजतात. प्रत्यक्षात ते फांदीचा फक्त आधार घेते. झाडाचा रस शोषत नाही. फुललेला झुबका खरवडून घरी नेणारा एक रोप नेतो असे वाटते, पण त्याच्या हातात असतात योग्य बुरशी भेटलेले एक बी, तगून निघालेले कितीतरी उन्हाळे आणि पुढच्या लाखो बियांची शक्यता. शहरातल्या गॅलरीत ते सहसा फार काळ तगतही नाही. ऑर्किड पाळायचे असेल तर रोपवाटिकेत वाढवलेले आणावे आणि खुशाल वाट पाहावी. रानातले फूल फांदीवरच राहू द्यावे. त्याच्यासाठी लागणारी वर्षे रानाने आधीच खर्च केली आहेत.