पहिल्या दिवसाची तारीख

गेल्या शनिवारी नेहमीप्रमाणे शिरवळला गेलो. पुण्याहून फार लांब नाही, पन्नासेक किलोमीटर. कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोलनाका (त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, आज रक्तदाब वाढवायचा नाहीये), मग नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू होतो आणि लगेच आमचं गाव. हायवेवरून जाणाऱ्यांना शिरवळ म्हणजे चहाचा थांबा, पेट्रोल पंप आणि कंपन्यांचे बोर्ड. इतिहासवाल्यांना सुभानमंगळ आठवतो. आम्हाला आमची ओसरी आणि तिच्यावर खुर्ची टाकून पेपर वाचणारे आबा.

या वेळी बॅगेत एक कागद होता. आमची कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतलीय. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मेल आला, विषयाच्या ओळीत तीन उद्गारचिन्हं. पगार तोच, काम तेच, टेबल तेच, फक्त नवीन नियुक्तीपत्रावर सही करून मंगळवारपर्यंत परत द्यायचं. टीममधल्या निम्म्या लोकांनी मोबाईलवरच सही करून टाकली होती. मीही करणारच होतो, पण फोनची बॅटरी संपली. हे अगदी खरं आहे, यात माझी हुशारी काहीही नाही.

जेवण झाल्यावर सहज बोलता बोलता हा विषय निघाला. आबांनी चष्मा काढला.

"म्हणजे मालक बदलला?"

"हो."

"आमचा बी बदलला होता. दोनदा."

आता हे मला अर्धवट माहीत होतं. घरात नेहमी म्हणायचे की आबा 'एचपीत' होते. पण गावातली जुनी माणसं त्यांना अजून 'एस्सोवाले' म्हणतात आणि लहानपणी मला ते आमचं दुसरं आडनावच वाटायचं. माहूलच्या रिफायनरीत, म्हणजे मुंबईत चेंबूरच्या पलीकडे, आबा छत्तीस वर्षं नोकरीला होते. १९६१ ला लागले, १९९७ ला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. (पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने सार्वजनिक कंपन्यांमधलं निवृत्तीचं वय साठ केलं. ही गोष्ट आमच्या घरात वर्षातून एकदा तरी निघतेच.)

पण ते लागले तेव्हा कंपनी ना एचपी होती, ना एस्सो. तिचं नाव होतं स्टँडर्ड व्हॅक्युम, बोलताना स्टॅनव्हॅक. रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये फोडली. तिच्यातून निघालेल्या दोन कंपन्यांनी नंतर पूर्वेकडच्या धंद्यासाठी मिळून काढलेली ही कंपनी. तिने १९५२ मध्ये मुंबईत रिफायनरीसाठी वेगळी कंपनी नोंदवली आणि १९५४ मध्ये माहूलची रिफायनरी सुरू केली. तेव्हा वर्षाला साडेबारा लाख टन तेल शुद्ध करायची तिची ताकद होती, आता ९५ लाख टन आहे. शेजारीच १९५५ मध्ये बर्मा-शेलची आली. तिसरी कॅलटेक्सची, विशाखापट्टणला, १९५७ ची. स्वतंत्र भारताच्या पहिल्या काही वर्षांत पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल म्हणजे मुख्यतः हे तिघेच. बाय द वे, रॉकेल हा शब्द 'रॉक ऑइल'वरून आलाय हे मला परवा परवा कळलं. इतकी वर्षं मी तो शुद्ध मराठी समजत होतो.

दोन अमेरिकन भागीदार वेगळे झाले आणि १९६२ मध्ये भारतातला धंदा एस्सोकडे गेला. आबांच्या आठवणीत याचा अर्थ एवढाच की गेटवरचा बोर्ड बदलला आणि जाहिरातीत वाघ आला. एस्सो म्हणजे एस आणि ओ, स्टँडर्ड ऑइलची आद्याक्षरं, हे मी सांगितलं तर म्हणाले, "असंल. आम्हाला वाघच माहीत."

दुसरा बदल मात्र साधा नव्हता, आणि त्याची मुळं आबा लागायच्या आधीची होती. रिफायनऱ्या उभारताना या कंपन्यांनी सरकारकडून पंचवीस वर्षं राष्ट्रीयीकरण करणार नाही असं लिहून घेतलं होतं. त्या वेळी आपल्याकडे ना भांडवल, ना तंत्र, त्यामुळे अटी त्यांच्या. मग १९६० मध्ये रशियाने स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं. तेलमंत्री केशवदेव मालवीय तयार होते, पण रिफायनऱ्या परदेशी कंपन्यांच्या. तिन्ही कंपन्यांनी ते तेल शुद्ध करायला नकार दिला. रिफायनरी आपल्या जमिनीवर, कामगार आपले, पेट्रोल जाळणारे आपण, पण तिच्यात कुठलं तेल घालायचं हे न्यूयॉर्क आणि लंडनला ठरणार. मला वाटतं राष्ट्रीयीकरणाचा निर्णय कागदावर १९७४ ला आला तरी तो खरा झाला त्या दिवशी. तोवर इंडियन ऑइल उभी राहिली होतीच, त्यामुळे या कंपन्यांवाचून अडणार नाही असा भरवसाही येत गेला.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप पुढच्या जानेवारीत जवळजवळ बारा डॉलरवर गेलं. मार्च १९७४ मध्ये संसदेने एस्सोचा कायदा केला. सरकारने ७४ टक्के हिस्सा घेतला, उरलेला २६ टक्के १९७६ मध्ये. १५ जुलै १९७४ ला एस्सोची रिफायनरी आणि ल्यूब इंडिया एकत्र करून नाव ठेवलं हिंदुस्थान पेट्रोलियम. १९७६ च्या जानेवारीत बर्मा-शेलही सरकारने घेतली, ती पुढे भारत पेट्रोलियम झाली. कॅलटेक्स १९७८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली.

हे सगळं पुस्तकातलं झालं. मी आबांना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली?

"वाटली की. कँटीनमध्ये रोज एक नवी बातमी. कुणी म्हणायचं गोरे जाताना पैसा घिऊन जातील. कुणी म्हणायचं आता सरकारी पगार, म्हणजे निम्मा. तुझ्या आजीनं त्या महिन्यात किराणा दुप्पट भरून ठेवला."

"मग?"

"मग काय. पगार आला. रवा मात्र किडला."

यावर आम्ही दोघंही हसलो. पण मग ते उठून आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून एक पिशवी घेऊन आले. त्या पिशवीत त्यांची सगळी नोकरी आहे. स्टॅनव्हॅकचं नेमणुकीचं पत्र, इंग्रजी, टाईप केलेलं. एस्सोच्या काळातलं ओळखपत्र. एचपीचं ओळखपत्र. नावं वेगळी, बोधचिन्हं वेगळी, फोटोतले आबा हळूहळू टक्कल पडत गेलेले. बिल्ला नंबर तिन्हीकडे तोच. आणि रुजू झाल्याची तारीख तीच, एप्रिल १९६१.

"तुझ्या पत्रावर तारीख कुठली लिवलीय?" त्यांनी विचारलं.

मी लॅपटॉप उघडला. पत्र नऊ पानांचं होतं. रुजू होण्याची तारीख: पुढच्या महिन्याची एक. आणि सातव्या पानावर, बारीक अक्षरात, आधीच्या कंपनीतून मी स्वखुशीने राजीनामा देत आहे असं एक वाक्य.

माझी नोकरी चार वर्षं दोन महिन्यांची झालीय. कायम नोकरी असेल तर ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. म्हणजे सही केली असती तर घड्याळ पुन्हा शून्यावर. रक्कम काही डोळे पांढरे व्हावेत अशी नाही. पण आबा पैशांचं बोलतच नव्हते. ते पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होते की चार वर्षं तू तिथं होतास का नव्हतास?

आबांची तारीख कशी टिकली ते मी रात्री शोधत बसलो. (शनिवार रात्रीचा हा माझा आनंद. लग्न जुळत नाही ते यामुळेच, असं आईचं मत आहे.) ती नुसत्या सरकारच्या मेहेरबानीने टिकली नव्हती. एस्सोचे भारतात दोन भाग होते. पेट्रोल विकायचा धंदा अमेरिकन कंपनीच्या स्वतःच्या नावावर होता. तो सरकारकडे आणायला कायदा लागला, आणि तिथल्या नोकरदारांची नोकरी आहे त्याच हक्कांसह पुढे चालू राहील अशी तरतूद त्या कायद्यातच केली होती. रिफायनरी मात्र १९५२ ला इथेच नोंदवलेली वेगळी कंपनी. तिचे शेअर हात बदलले, नाव बदललं, पण कंपनी तीच राहिली.

याचा पुरावा आजही आहे. हिंदुस्थान पेट्रोलियमचा कुठलाही वार्षिक अहवाल काढा, पहिल्या काही पानांत तिचा नोंदणी क्रमांक दिसेल. त्यात मध्येच महाराष्ट्राची अक्षरं, त्यापुढे १९५२, त्यापुढे भारत सरकारची अक्षरं. १९७४ नाही, १९५२. आमच्या भाषेत सांगायचं तर नाव हा नुसता एक कॉलम, कितीही वेळा अपडेट करा, प्रायमरी कीला हात लावायचा नाही. कंपनीने स्वतःची ज्येष्ठता सोडली नाही. भारत पेट्रोलियमच्या क्रमांकातही १९५२ च आहे.

या कंपनीचं मुख्यालय मी एकदाच बघितलंय. मागे क्लायंटकडे नरिमन पॉईंटला गेलो होतो, परत येताना चर्चगेटला चालत आलो तेव्हा जमशेदजी टाटा रोडवर १७ नंबरला 'पेट्रोलियम हाऊस' दिसलं. समुद्र हटवून केलेली ही सगळी जमीन. जवळच इरॉस थिएटर, आजूबाजूला १९३०-४० च्या दशकांतल्या गोलसर बाल्कन्यांच्या देखण्या इमारती. (भारत पेट्रोलियम बॅलार्ड इस्टेटला बसते. तेही भराव घातलेल्या जमिनीवरच. मुंबईत तेल कंपन्यांना जुनी जमीन मानवत नसावी.) मी फोटो काढला, वॉचमनने हटकलं, मी निघालो.

तो फोटो आबांना दाखवला. ते तिथे नोकरीच्या काळात दोनदा गेले होते, दोन्ही वेळा पीएफच्या कागदांसाठी. "थंडगार होतं आत," म्हणाले. मग बराच वेळ फोटो बघत बसले. "आधी वाटायचं मालक हितं बसतो. जाऊन बघितलं तर हितले बी आपल्यासारखेच, वरनं कागद यायची वाट बघणारे."

यात त्यांना तक्रार करायची नव्हती. पण मला ते बरोबर वाटलं. आधी तो 'वर' न्यूयॉर्कला होता, मग दिल्लीला आला. दिल्लीचं काय चालतं तेही आपण बघितलंय. याच कंपनीतला हिस्सा खासगी उद्योगाला विकायचं घाटत होतं, तेव्हा सप्टेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेच्या कायद्याने आलेली कंपनी संसदेला विचारल्याशिवाय खासगी करता येणार नाही. २०१६ मध्ये कालबाह्य कायद्यांची साफसफाई झाली आणि हे राष्ट्रीयीकरणाचे कायदेही त्यात गेले. फारशी चर्चाही झाली नाही. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने आपला ५१.११ टक्के हिस्सा ओएनजीसीला ३६,९१५ कोटींना विकला. सरकारी कंपनीने सरकारी कंपनी घेतली, पैसे सरकारकडे. भारत पेट्रोलियम विकायचं २०१९ मध्ये ठरलं आणि २०२२ मध्ये रद्द झालं. म्हणजे मालकाचा प्रश्न अधूनमधून उघडाच पडतो. आबांना यातलं २०१८ चं माहीत होतं. त्यांनी तेव्हा फक्त पेन्शनर मित्राला फोन करून मेडिकलचं कार्ड चालतंय ना एवढं विचारून घेतलं होतं.

राष्ट्रीयीकरण चांगलं की वाईट यावर आमच्या ऑफिसात कॉफीच्या वेळी वाद झाला तर मी आजवर खासगीकरणाच्या बाजूने बोलत आलोय. अजूनही सरकारी कंपनीत नोकरी करावी असं मला वाटत नाही. पण १९७४ च्या त्या कायद्यात कुणीतरी बसून नोकरदारांच्या जुन्या हक्कांचं कलम लिहिलं होतं, आणि माझ्या नऊ पानांतही कुणीतरी बसूनच सातव्या पानावरचं वाक्य लिहिलंय. दोन्हीकडे वकील होतेच.

रविवारी संध्याकाळी निघताना हायवेच्या पंपावर पेट्रोल भरलं. आबा गाडीत बसून तिथपर्यंत आले होते, पाय मोकळे करायला. पंपावरच्या पोराला त्यांनी विचारलं, गाडी कुठनं येते? लोणी काळभोरहून, तो म्हणाला. "मुंबईहून पाइपानं येतं तिथं," आबांनी मला सांगितलं, जणू अजून ड्युटीवर आहेत. मग रिक्षाने घरी गेले.

रात्री पुण्यात पोचल्यावर एचआरला मेल लिहिला. चार ओळींचा. माझी मूळ रुजू तारीख कायम ठेवून सुधारित पत्र मिळावं आणि राजीनाम्याचं वाक्य काढावं, तोवर मी सही करू शकत नाही. पाठवायच्या आधी तीनदा वाचला. खरं सांगतो, हात थरथरत होता, कारण याच आठवड्यात कुणाला ठेवायचं कुणाला नाही याची यादी चाललीय असं सगळे म्हणत होते. टीममधल्या दोघांना सातवं पान दाखवलं. एकाने "अरे बापरे" लिहिलं, दुसऱ्याने आधीच सही केली होती.

सोमवारी उत्तर आलं: तुमचा मुद्दा संबंधित विभागाकडे पाठवला आहे.

मंगळवारी दुपारी आबांचा फोन.

"सही केलीस?"

"नाही."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.